तीस खटके

आज्ञापालन हा सरकारी नोकरीचा प्राण आहे, असे कोणी म्हटले तर आमच्या वाचकांपैकी फारसे कोणी त्यास हरकत घेणार नाही. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड बांधावे, वरून शेरा आला की टिपणी बदलावी, आणि पत्राच्या शेवटी ‘आदेशावरून’ असे लिहून सही ठोकावी, हा आमचा नित्यक्रम. या एका शब्दाच्या आडोशाला माणसास कितपत लपता येते, याचे मोजमाप एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली केले. त्या मोजमापाची कथा पुष्कळांनी ऐकली असेल. परंतु ते करताना ज्या माणसांना राबवले गेले त्यांचे काय झाले, आणि मानसशास्त्राला स्वतःच्या हातांवर कोणकोणती बंधने घालून घ्यावी लागली, हा इतिहास त्या मानाने अपरिचित आहे. व आम्हांस तोच अधिक मोलाचा वाटतो.

त्या वर्षी जेरुसलेममध्ये आइखमन याच्यावर खटला चालू होता. लक्षावधी ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या वाहतुकीची व्यवस्था पाहणारा हा अधिकारी आपण केवळ हुकमाचे ताबेदार होतो, असे न्यायालयास सांगत होता. त्याच सुमारास येल विद्यापीठातील स्टॅन्ली मिलग्रॅम या तिशीही न गाठलेल्या प्राध्यापकाने न्यू हेवन गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसे हवीत; एका तासाचे ४ डॉलर व गाडीभाड्याचे ५० सेंट मिळतील. टपाल कारकून, शाळामास्तर, विक्रेते, मजूर असे वीस ते पन्नास वयाचे पुरुष आले.

आलेल्या माणसाला ‘शिक्षक’ केले जाई. ‘विद्यार्थी’ म्हणून दुसरा एक गृहस्थ असे. तो ४७ वर्षांचा, गोड स्वभावाचा हिशेबनीस होता व कटात सामील होता. चिठ्ठ्या टाकल्या जात, पण दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’ असेच लिहिलेले असे. विद्यार्थ्याला पलीकडच्या खोलीत खुर्चीला बांधून त्याच्या मनगटाला विजेची तार लावीत. शिक्षकापुढे एक यंत्र, त्यावर ओळीने तीस खटके: पहिला १५ व्होल्टचा आणि शेवटचा ४५०चा. खटक्यांखाली सौम्य झटक्यापासून तीव्र धोक्यापर्यंत पाट्या होत्या, आणि अगदी शेवटी शब्दही संपून नुसत्या तीन फुल्या. विद्यार्थ्याचे उत्तर चुकले की एक खटका दाबायचा, पुन्हा चुकले की त्याच्या पुढचा. वस्तुतः विद्यार्थ्याला झटका मुळीच बसत नव्हता. शिक्षकाला मात्र यंत्र खरे वाटावे म्हणून आरंभी ४५ व्होल्टचा एक खरा झटका चाखवीत.

३०० व्होल्टला पलीकडून भिंतीवर धडका ऐकू येत. त्यानंतर उत्तरेच बंद होत. आणि उत्तर न येणे हेही चूकच धरावे, असा नियम होता. शिक्षक कचरला की राखाडी कोट घातलेला प्रयोगकर्ता, आवाज न चढवता, पुढे चालू ठेवण्यास सांगे. चार ठरीव वाक्ये होती, क्रमाने अधिकाधिक कडक. धमकी नाही, दंड नाही, पगार कापण्याची भाषा नाही. काही जण विचारीत, याला काही झाले तर जबाबदार कोण? प्रयोगकर्ता शांतपणे सांगे की जबाबदारी माझी. आणि हात पुन्हा खटक्याकडे जाई.

मिलग्रॅमने आधी ४० मनोविकारतज्ज्ञांचे मत घेतले होते. शेवटच्या खटक्यापर्यंत हजारी एखादाच जाईल, असा त्यांचा कौल पडला. प्रत्यक्षात ४० पैकी २६ गेले.

प्रयोगाचे पुढे कितीतरी प्रकार करून पाहण्यात आले. त्यांतले दोन तर कचेरीत बसूनच कोणी रचले असावेत, असे आम्हांस वाटते. एकात प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन दूरध्वनीवरून हुकूम देई. तेव्हा आज्ञाधारकांचे प्रमाण शेकडा वीसच्या आसपास घसरले. शिवाय काही जण हलकाच खटका दाबून, सांगितला तोच दाबला, असे दूरध्वनीवर बिनदिक्कत कळवीत. साहेब दौऱ्यावर गेले म्हणजे काय होते, हे निराळे सांगायला नको. दुसऱ्या प्रकारात खटका दाबण्याचे काम तिसऱ्याच माणसाकडे दिले आणि आपल्या पाहुण्याकडे केवळ कागदपत्री स्वरूपाचे काम ठेवले. तेव्हा ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत बसून राहिले. मृत्यूच्या यंत्राला तेल घालणाऱ्यापेक्षा त्याच्या तेलाचे बिल पास करणाऱ्याची झोप अधिक गाढ असते, हे इथे आकड्यांत उतरले.

इथवरची कथा प्रसिद्ध आहे. आता त्या शिक्षकांकडे पाहू. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मिलग्रॅमने स्वतःच नोंदवले आहे की त्यांना दरदरून घाम फुटत होता, ते अडखळत, थरथरत, तळहातांत नखे रुतवून घेत. ४० पैकी १४ जणांना विचित्र हसू आवरेना, आणि तिघांना तर आचके आले. त्यांतल्या एकाचे इतके तीव्र होते की प्रयोग थांबवावा लागला. हसतमुखाने आत आलेला एक प्रौढ व्यापारी वीस मिनिटांत पार कोलमडला. हे सर्व आरशाआडून पाहिले जात होते.

या ठिकाणी प्रयोग जणू आपल्याच भोवती फिरून उभा राहतो. दुसऱ्याला यातना होत आहेत हे दिसत असूनही, काम महत्त्वाचे आहे या समजुतीने शिक्षक खटके दाबीत होता. आणि शिक्षकाला यातना होत आहेत हे दिसत असूनही, काम महत्त्वाचे आहे या समजुतीने मिलग्रॅम एकामागून एक शिक्षक बोलावीत होता. पहिल्याच्या यंत्रातली वीज खोटी होती. दुसऱ्याची खरी होती.

१९६४ साली डायना बॉमरिंड या विदुषीने नेमके यावर बोट ठेवले. प्रयोगशाळेत आलेला माणूस विश्वासाने येतो, त्या विश्वासाचाच वापर करून त्याला फसवावे व त्याची स्वतःविषयीची समजूत उद्ध्वस्त करावी, हा अधिकार संशोधकाला कोणी दिला, असा तिचा आशय होता. मिलग्रॅमने त्याच नियतकालिकात उत्तर दिले. प्रयोगानंतर सर्वांना पत्रे पाठवून विचारले असता, उत्तर देणाऱ्यांपैकी ८४ टक्के लोकांनी भाग घेतल्याबद्दल समाधान व्यक्त केले. खेद वाटला तो शंभरात एखाद्याला.

आकडा मोठा आहे खरा. पण आमच्या कचेरीच्या भाषेत याला ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणतात, आणि खर्च होऊन गेल्यावर मिळवलेल्या मंजुरीकडे लेखापरीक्षक कोणत्या नजरेने पाहतो हे वाचक जाणतातच. आधी विचारले असते तर हे ८४ टक्के काय म्हणाले असते, याचा त्या पत्रांतून काही उलगडा होत नाही. त्यातही मेख अशी की, येलमध्ये जपून ठेवलेली ध्वनिमुद्रणे व कागदपत्रे धुंडाळून जिना पेरी या ऑस्ट्रेलियन लेखिकेने २०१२ साली जे पुस्तक लिहिले त्यात दाखवून दिले, की अनेकांना खरी हकीकत त्याच दिवशी सांगितली गेलीच नव्हती. विद्यार्थी सुखरूप आहे एवढे कळे. वीजच नव्हती हे कळायला कित्येकांना काही महिन्यांनी आलेल्या टपालाची वाट पाहावी लागली. तेवढे दिवस ती माणसे मनात काय घेऊन वावरली असतील! आणि काहींना सोंगाचा संशय आधीच आला होता, हेही याच कागदांत आहे. म्हणजे २६ या आकड्यालाही थोडी कसर लागलीच.

नियम तोवर नव्हते असे नाही. न्यूरेंबर्गच्या निकालातून १९४७ साली निघालेल्या संहितेचे पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९५३ मध्ये आपली आचारसंहिता छापली होती. पण छापील संहिता कपाटात राहते. तिला फाईलवर यायला कोणीतरी हरकत घ्यावी लागते. बॉमरिंडची हरकत त्यांतली एक. १९७३ साली त्या संघटनेने मानवी प्रयोगांसाठी दहा तत्त्वे मांडली. फसवणूक सर्वस्वी वर्ज्य झाली नाही. परंतु तिचे समर्थन करावे लागू लागले, प्रयोगानंतर खुलासा बंधनकारक झाला आणि मधूनच उठून जाण्याचा हक्क मान्य झाला. टस्कीगी येथे ४० वर्षे उपचारांवाचून ठेवलेल्या कृष्णवर्णीय रोग्यांचे प्रकरण १९७२ मध्ये उघडकीस आले, त्यानंतर १९७४ मध्ये कायदा झाला, आणि प्रयोगाची योजना आधी एका समितीपुढे मांडून तिची मान्यता घेणे भाग पडले. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मानवी संशोधनाच्या नीतीविषयीचे धोरण १९८० मध्ये जाहीर केले.

अशा समित्यांनी शास्त्राचा गळा घोटला, अशी कुरकूर अधूनमधून ऐकू येते. तिचे उत्तर कॅलिफोर्नियात जेरी बर्गर यांनी २००६ साली दिले. त्यांनी मिलग्रॅमचाच प्रयोग पुन्हा केला, पण १५० व्होल्टलाच थांबवला. दुबळ्या मनाची माणसे आधीच निवडून वगळली, पैसे न गमावता केव्हाही जाता येईल हे तीनदा सांगितले, आणि प्रयोग संपताच क्षणाचाही विलंब न लावता खरे काय ते सांगून टाकले. सुमारे ७० टक्के लोक पुढे जायला तयार होते. १५० म्हणजे ४५० नव्हे, हे कबूल. तरीही कोणाला आचके येऊ न देता जे कळायचे ते बरेचसे कळले.

पण एका प्रयोगाने आमची खरी झोप उडवली. मिलग्रॅमवरचा एक आक्षेप असा होता की शिक्षकांना ते सोंग आहे हे कळले असेल. त्याची शहानिशा करण्यासाठी शेरिडन आणि किंग या दोघांनी १९७२ साली खोटेपणा काढून टाकला. खुर्चीत माणसाऐवजी कुत्र्याचे पिल्लू ठेवले आणि वीज खरी सोडली. २६ विद्यार्थ्यांपैकी २० जणांनी शेवटपर्यंत झटके दिले. त्यांत १३ मुली होत्या त्या सर्वच्या सर्व, कित्येक तर रडत रडत. माणसाशी खोटे बोलण्यातली अडचण मुक्या जिवाला खरी इजा करून सोडवली गेली! माणसाचा दर्जा वाढत गेला तसतसे ओझे खाली सरकत सरकत ज्याला तोंड नाही त्याच्यावर येऊन पडले.

याच्या शेजारी दुसरा एक प्रयोग ठेवून पाहावा. १९६४ साली मॅसरमन व त्यांचे सहकारी यांनी लाल तोंडाच्या माकडांना साखळी ओढून अन्न मिळवायला शिकवले. मग एक साखळी अशी जोडली की ती ओढताच काचेपलीकडच्या दुसऱ्या माकडाला विजेचा झटका बसावा. १५ पैकी १० माकडांनी ती साखळी टाळून दुसरी धरली. एका माकडाने पाच दिवस आणि एकाने बारा दिवस कुठलीच साखळी ओढली नाही. सोबत्याला वेदना देण्यापेक्षा ते उपाशी राहिले. ज्यांना संमती कोणी विचारली नव्हती, त्यांनी नकार मात्र दिला.

ही माकडे कोणत्या जातीची, हे आम्हां हिंदुस्थानात राहणाऱ्यांना सांगायला नको. उत्तरेत बदलीवर आलेल्या मराठी गृहिणीच्या गच्चीवरचे पापड पळवतात तीच ही. पोलिओच्या लसीसाठी मागणी वाढली तेव्हा, १९५०च्या दशकात, आपल्या देशातून वर्षाला लाखाच्या वर माकडे परदेशी जात होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी हार्लो यांच्याकडेही आरंभी भारतातूनच माकडे येत. ती वाटेत आजारी पडत, म्हणून हार्लो यांनी तिथेच पैदास सुरू केली व रोग लागू नये म्हणून पिल्ले जन्मतःच आईपासून दूर केली. पिंजऱ्यात अंथरलेल्या फडक्याला ती पिल्ले घट्ट बिलगतात, हे दिसले आणि त्यातून त्यांचे तारेच्या व कापडाच्या आईचे गाजलेले प्रयोग निघाले. आईच्या स्पर्शाची भूक दुधाइतकीच खरी असते, हे जगाला पटले. ते पटवून देण्याची किंमत मोजली ती पिल्लांनी, आणि पुढे तर त्यांतल्या काहींना आठवडेच्या आठवडे एका निमुळत्या खोल पेटीत एकाकी डांबण्यात आले.

१९५५च्या आरंभी लंडनच्या विमानतळावर एका बंद गाडीत भारतातून निघालेली ३९४ माकडे गुदमरून मेली. सरकारने निर्यात बंद केली, व थोड्याच अवधीत अटी घालून पुन्हा सुरू केली. अट अशी की माकडे वैद्यकीय संशोधनासाठी व लशीसाठीच वापरली जातील आणि त्यांना दयेने वागवले जाईल, असे प्रमाणपत्र घेणाऱ्या देशाने द्यावे. प्रमाणपत्रे येत राहिली. इकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या चिकाटीचे फळ म्हणून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात प्रयोगांना मुभा आहे, पण त्यांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूदही आहे. परंतु तो कायदा सरहद्दीपलीकडे कसा पोचावा?

तिथे पोचायला कोणीतरी ती प्रमाणपत्रे वाचावी लागली. १९७७ मध्ये, ही माकडे अमेरिकेत लष्करी किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत वापरली जात असल्याचे वानररक्षणासाठी झटणाऱ्या एका संस्थेने पंतप्रधानांच्या नजरेस आणले. पंतप्रधान होते मोरारजी देसाई. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांपासून मराठी मनात त्यांच्याविषयी एक अढी आहे, व ती अकारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कागदावर दिलेले वचन मोडले गेले आहे, एवढे दिसताच त्यांच्या सरकारने मुदतवाढ, खुलासा, स्मरणपत्र असल्या वाटांनी न जाता निर्यात साफ बंद करण्याचा निर्णय घेतला. तो अमलात आला १ एप्रिल १९७८ रोजी, नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी.