सर्व्हर, लिपी आणि संकेतस्थळ : मराठी महाजालाच्या उभारणीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
इतिहासाच्या अभ्यासकाला साधन उपलब्ध असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वाचता येणेही महत्त्वाचे असते. मोडी कागदपत्रांचे दप्तर समोर असले, तरी लिपी अवगत नसेल तर ते मुकेच राहते. संगणकाच्या युगात हा प्रश्न संपला, असा एक समज रूढ आहे. तथापि तो नव्या रूपात पुन्हा उभा राहिला. सर्व्हर उभारून त्यावर मराठी संकेतस्थळ सुरू करण्याचा इतिहास हा यंत्रांपेक्षा अक्षरांचा इतिहास अधिक आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सर्व्हरची उभारणी :
सर्व्हर म्हणजे मागणी येताच साठविलेली पाने पाठविणारा, सदैव चालू ठेवलेला संगणक होय. त्यास महाजालाशी अखंड जोडणी, एक अंकीय पत्ता, त्या पत्त्याशी निगडित नाव आणि पाने पाठविणारी आज्ञावली यांची आवश्यकता असते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत असा पहिला सर्व्हर चालू केला. हे यंत्र बंद करू नये, अशी सूचना त्यावर चिकटविलेली होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. १९९५ मध्ये अपाची ही सर्व्हरसाठीची मोफत आज्ञावलीही उपलब्ध झाली.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाने शैक्षणिक संस्थांना जोडण्याचे काम हाती घेतले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था यांचा त्यात सहभाग होता. सर्वसामान्यांसाठी महाजालाची सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, तर १९९८ मध्ये हे क्षेत्र खाजगी सेवादात्यांना खुले झाले. दरम्यान १९९६ मध्ये परदेशस्थ मराठी भाषकांच्या पुढाकारातून मायबोली हे संकेतस्थळ सुरू झाले. म्हणजेच यंत्र, जोडणी आणि आज्ञावली हे प्रश्न एका दशकात बहुतांशी सुटले होते.

लिपीचा पेच :
सर्व्हर अक्षरे ओळखत नाही; तो केवळ अंक साठवितो व पाठवितो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे आधी ठरलेले असावे लागते. भारतीय लिप्यांसाठी असा संकेत भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये 'इस्की' या नावाने प्रमाणित केला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांच्या संगणकीय वापरात मोलाचे कार्य केले.

परंतु छपाईसाठी तयार झालेल्या फॉन्टमध्ये प्रत्येक उत्पादकाने अंकांची स्वतंत्र वाटणी केली. एका फॉन्टमधील 'क' चा अंक दुसऱ्या फॉन्टमध्ये निराळेच चिन्ह दाखवी. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटते, म्हणून ती साठविलीही आधीच जाई. छापील पानावर यामुळे काही बिघडत नसे. तेच लेखन संकेतस्थळावर ठेवले असता मात्र ज्या वाचकाकडे तो फॉन्ट नाही, त्यास रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसे. शोधयंत्रालाही तोच गोंधळ दिसत असल्याने लेख महाजालावर असूनही सापडत नसे.

युनिकोडचा स्वीकार :
ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस १२८ जागा मिळाल्या. त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. प्रत्यक्ष वापर सुकर होण्यास मात्र दशक लोटले. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट प्रसिद्ध सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी यांनी घडविलेला होता. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडमुळेच शक्य झाला.

तरीही मराठीच्या काही खास गरजा शिल्लक होत्या. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' या शब्दांतील अर्थभेद राखण्यासाठी चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र-काराची स्वतंत्र सोय आवश्यक होती. 'ॲ' या स्वरास स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. २०१४ मध्ये '.भारत' ही देवनागरी नावांची सोय झाल्याने संकेतस्थळाचा पत्ताही मराठीत लिहिता येऊ लागला.

जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात :
सदर इतिहासाचे महत्त्व आदिवासी भागाच्या अभ्यासात विशेष जाणवते. जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात आला. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. त्यामुळे या भागाच्या पूर्वीच्या नोंदी 'ठाणे' या नावाखाली आढळतात. 'वांगणी' हा शब्द शोधल्यास मध्य रेल्वेवरील, अंबरनाथ तालुक्यातील वांगणी प्रथम समोर येण्याचा संभव अधिक. जव्हार-मोखाडा परिसरातील वांगणी सापडण्यासाठी तालुका, जुना व नवा जिल्हा आणि जनगणनेतील ग्रामसंकेतांक यांची नोंद पानावरच असणे इष्ट ठरते. वारली, कोकणा व कातकरी समाजांच्या बोली देवनागरीत लिहिल्या जातात. म्हणून मराठीसाठी झालेली लिपीची सोय त्यांच्या मौखिक परंपरेच्या जतनासही उपयोगी आहे.

समारोप :
महाविद्यालयांची नियतकालिके, स्मरणिका आणि लघुप्रबंध यांपैकी बरेच साहित्य जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित झालेले आहे. ते केवळ सर्व्हरवर चढविल्याने जतन होत नाही. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, रूपांतरात होणाऱ्या चुका मूळ छापील प्रतीशी ताडून दुरुस्त कराव्यात आणि छापील प्रतीचे चित्ररूपही सोबत ठेवावे. या कामास मोठा निधी लागत नाही. मराठी नीट वाचणारा प्राध्यापक आणि चिकाटीचे विद्यार्थी लागतात. जुना फॉन्ट आणि तो जाणणारी माणसे उपलब्ध आहेत, तोवरच ते सुलभपणे होऊ शकेल. अन्यथा १९९० नंतरचे मराठी लेखन वाचण्यासाठीही उद्याच्या अभ्यासकाला मोडीप्रमाणेच स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागेल.