सुप्यात जळालेले कागद

सुप्याचा इतिहास म्हटला की आपल्याला शहाजीराजांची पुणे-सुपे जहागीर आठवते. ते बरोबरच आहे. पण स्मरणिकेसाठी लिहा असं कमिटीनं सांगितलं, तेव्हा माझ्या मनात आली ती १२ मे १८७५ ही तारीख. माझी उभी नोकरी बँकेत, कर्जाच्या कागदांत गेली. आणि त्या दिवशी आपल्या गावात जे पेटलं, ते कर्जाचे कागदच होते.

सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. इथं मोठा बाजार भरायचा आणि सावकारांची दुकानंही इथंच होती. त्या दिवशी आजूबाजूचे शेतकरी जमले, सावकारांच्या घरा-दुकानांत शिरले आणि रोखे, खतं, वह्या मागू लागले. हाती आले ते जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. एकूण ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा. तरीसुद्धा माणसांना इजा फार थोडी झाली. राग होता तो कागदावर. असं का?

कापसाची गोष्ट आपण शाळेत शिकलो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, कापसाचा भाव चढला, कर्ज सहज मिळू लागलं. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्यातच १८६७ पासून, आपल्या शेजारच्या इंदापूरपासून सुरुवात करून, साऱ्याची फेरआकारणी झाली आणि सारा वाढला. हे सगळं खरं. पण कर्ज फुगलं कसं, हे कळायला कायदा पाहावा लागतो.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या, नोंदणी न केलेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा लावता येईल असं ठरवलं. हेतू चांगला होता, जुनी कर्जं उकरून काढून कुणाला छळू नये. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणे, नवा रोखा लिहून दे, नाहीतर कोर्टात जातो. नव्या रोख्यात मागचं व्याज मुद्दल म्हणून धरलं जाई.

हिशोब करून बघू. समजा शंभर रुपये, दरसाल शेकडा पंचवीस व्याज. तीन वर्षांनी १७५ चा रोखा. सहा वर्षांनी ३०६ चा. नऊ वर्षांनी ५३५ च्या वर! व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, हा दामदुपटीचा नियम होताच. पण व्याजच मुद्दल झालं तर नियम काय करणार? कुळाला वाचता येत नव्हतं. कोर्ट सही-अंगठा बघे, मागचा हिशोब बघत नसे. हुकूमनामे पुष्कळदा एकतर्फी होत आणि जमीन जाई. मग आपल्याच वावरात दुसऱ्याचं कूळ म्हणून राबायचं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कोर्टानं रोख्याच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशोब तपासायचा, हप्ते बांधून द्यायचे, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, गावपातळीवर दस्त नोंदवायचा, पावती द्यायची. मुदतही वाढवली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून काम केलं, हे फार जणांना ठाऊक नसतं.

मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. सावकारही गावातच दुकान मांडून बसलेला, घरसंसारी माणूस. वसुलीची खात्री गेली तसा त्यानं हात आखडता घेतला. बी-बियाणं, बैल, लेकीचं लग्न, उधार द्यायला दुसरं कोण होतं? काही सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली, 'पैसे फेडलेस की जमीन परत' या तोंडी वचनावर. एक दार बंद झालं की व्यवहार दुसरं दार शोधतो.

नुसती बंदी घालून भागत नाही, पर्याय उभा करावा लागतो. तो आला १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानं. त्याच सहकाराच्या वाटेवर पुढे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा झाला आणि त्याच्याखाली आज आपली सोसायटी उभी आहे.

तीन वर्षांची मुदत मात्र अजून आहे, आता १९६३ च्या कायद्यात. मुदत संपण्याआधी आम्हीसुद्धा कर्जदाराकडून येणं कबूल असल्याची सही घ्यायचो. "साहेब, एकदा सही दिलीय की, परत कशाला?" असं लोक विचारत. प्रश्न रास्त होता. फरक एवढाच, की आता खातेउतारा मागता येतो आणि बाकी तपासता येते.

मंडळी, कायदा आजही बदलतो आणि घरात पोचायला वेळ लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनं गृहनिर्माण संस्थेत सभासदाच्या पश्चात नॉमिनी हा वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असतो. तो आपोआप मालक होत नाही. हे माहीत नसल्यानं भावा-भावांत तंटे होतात. तेव्हा नॉमिनेशन भरा, पण इच्छापत्रही करा, आणि घरातल्यांना वाचून दाखवा. सही आपली असते, तर मजकूरही आपल्याला ठाऊक हवा.