तांबे, पत्रा आणि पाऊस : एका सांध्याचा इतिहास

बंगळुरूला पाऊस दोनदा भेटतो. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारे तो आणतात आणि ऑक्टोबरात ईशान्येकडून येणारे वारे त्याची पुनरावृत्ती करतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे तेथील सर्वाधिक ओले महिने. अशा हवेत भिंतीला टेकलेले लाकूड वर्षातील कित्येक आठवडे सुकतच नाही. जुन्या छावणीतील बंगल्यांच्या खिडक्यांवर आणि पोर्चवर दिसणाऱ्या, ‘मंकी टॉप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाकडी छपऱ्या असोत, की आजच्या घरांना जोडलेले लाकडी डेक असोत, दोहोंचे आयुष्य एकाच जागी ठरते. ती जागा म्हणजे लाकूड आणि भिंत यांचा सांधा.

डेकचा भार पेलणारी एक जाड फळी भिंतीला बोल्टांनी घट्ट बसवलेली असते. पावसाचे पाणी भिंतीवरून ओघळते, फळी आणि भिंत यांमधील चिरेत शिरते आणि तेथेच राहते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी असेल, तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. तो ३० टक्क्यांच्या आसपास पोचला की तिला हवे ते सारे मिळते. ही कूज वरून दिसत नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १६ जून २०१५ रोजी एका इमारतीची गॅलरी कोसळून सहा तरुणांचा मृत्यू झाला. तेथे आधाराच्या तुळया भिंतीतून बाहेर काढलेल्या होत्या. बांधणी निराळी होती, परंतु कारण हेच होते : आत अडकलेल्या पाण्याने तुळया कुजल्या होत्या.

या संकटावर माणसाने दोन उपाय शोधले. पहिला, सांध्यावर वाकवलेला पत्रा बसवून पाणी बाहेर वळवणे. बांधकामात यालाच फ्लॅशिंग म्हणतात. दुसरा, लाकडातच विष भरून त्याला बुरशी आणि वाळवी यांच्यासाठी अखाद्य करणे. हे दोन्ही उपाय एकत्र आले, तर एक उपाय दुसऱ्याचा नाश करू शकतो, ही गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा शिकावी लागली.

दुसऱ्या उपायाच्या इतिहासात एका भारतीय रसायनशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण सिद्ध केले. आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याला ‘आस्क्यू’ हे नाव मिळाले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक वाळवीला रोखते आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवते, त्यामुळे पावसाने विष सहजी धुऊन जात नाही. पुढे हे मिश्रण जगभर पोचले आणि विजेच्या खांबांपासून घरांच्या डेकपर्यंत सर्वत्र वापरले गेले. बंगळुरूतही १९३८ मध्ये म्हैसूर संस्थानाने वन संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. मल्लेश्वरम येथील आजची काष्ठविज्ञान व तंत्रज्ञान संस्था हे तिचेच विस्तारलेले रूप होय. लाकडाचा टिकाऊपणा आणि त्याचे संरक्षण हे तिच्या अभ्यासाचे विषय आहेत.

तांब्याच्या सहवासाचा धोका मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. हेतू लाकूड पोखरणाऱ्या सागरी कृमींपासून बचाव करण्याचा होता. १७६३ मध्ये नौका तपासली, तेव्हा पत्रा जागोजागी सुटलेला आढळला, कारण तो धरून ठेवणारे लोखंडी खिळे गंजून संपले होते. काही खिळे तेवढे शाबूत होते. पत्रा ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आला होता, तो कागद त्या ठिकाणी चुकून तसाच राहिला होता. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातूंचा स्पर्श झाला की विद्युत घट तयार होतो आणि त्यातील अधिक क्रियाशील धातू झिजतो, हे शास्त्र त्या काळी अवगत नव्हते. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये त्याचाच उलट उपयोग करून जस्त आणि लोखंड यांच्या साह्याने नौकांच्या तांब्याचे रक्षण करून दाखवले.

हाच धडा एकविसाव्या शतकात डेकच्या सांध्यावर पुन्हा गिरवावा लागला. आर्सेनिकाच्या भीतीने अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती बांधकामासाठी आस्क्यूच्या वंशातील लाकडाचे उत्पादन थांबवले. त्याच्या जागी आलेल्या द्रावणांत आर्सेनिक नव्हते आणि क्रोमियमही नव्हते, तांबे मात्र अधिक होते. क्रोमियम धातूंना गंजण्यापासून वाचवण्याचेही काम करीत होते. ते गेल्यावर ओल्या लाकडातील तांब्याचे आयन ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर आणि साध्या जस्तलेपित खिळ्यांवर जमू लागले. तांब्याचा प्रमाण विभव +०.३४ व्होल्ट, जस्ताचा −०.७६ आणि ॲल्युमिनियमचा −१.६६. या तफावतीमुळे तांबे सुरक्षित राहते आणि पत्र्याला भोके पडतात. लाकूड वाचवणाऱ्या विषाने लाकडावरचे छत्र खाल्ले.

बंगळुरूत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तेथील भिंती प्रामुख्याने विटांच्या, दगडांच्या किंवा काँक्रीटच्या, आणि ओला चुना व सिमेंट अल्कधर्मी असल्यामुळे ॲल्युमिनियमला तेही मानवत नाही. म्हणून तांबेयुक्त द्रावण दिलेल्या लाकडाला आणि सिमेंटच्या भिंतीला एकाच वेळी टेकणारा पत्रा स्टेनलेस स्टीलचा असणे श्रेयस्कर. तांब्याचा पत्राही चालतो, परंतु मग त्याचे स्क्रू जस्तलेपित असू नयेत. जाड जस्तलेपाचा पत्रा वापरायचाच असेल, तर त्याच्या आणि लाकडाच्या मध्ये डांबरी किंवा रबरी पट्टी हवी. ‘अलार्म’च्या तपकिरी कागदाचे काम आता ही पट्टी करते.

बसवण्याचे तत्त्व कौले शाकारणाऱ्याला परिचित आहे : वरच्याने खालच्याला झाकावे. पत्र्याची वरची कड भिंतीत कापलेल्या खाचेत शिरवून ती खाच लवचिक लांबीने बुजवतात. मधला भाग बाहेरच्या बाजूस किंचित उतार ठेवून फळीवरून नेतात. खालची कड पुढे वाकवतात, म्हणजे पाणी फळीच्या अंगावरून न ओघळता पागोळीसारखे दूर पडते. दोन पत्रे जोडताना ते एकमेकांवर चढवतात आणि मधली फट बुजवतात. पत्र्याच्या आडव्या भागाला शक्यतो छिद्र पाडत नाहीत, कारण पाणी नेमके तेथेच थांबते.

‘अलार्म’वरचे खिळे, कामेशम यांचे क्षार आणि आजचा डेक यांना जोडणारे सूत्र साधे आहे. प्रत्येक संरक्षक द्रव्याची पारख त्याच्या शेजाऱ्यासह करावी लागते. पत्रा निवडण्यापूर्वी लाकडात कोणते द्रावण भरले आहे, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते. एकदा सांधा झाकला गेला, की त्याच्या आतली झीज वरून दिसत नाही, आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांना तिची चाहूलही लागत नाही.