दीपशिंपले आणि विदर्भातील सरोवरे

कारंजा (घाडगे) गावाभोवतीचा काळा खडक हा थिजलेला लाव्हारस होय. हा रस समुद्राच्या तळाशी पसरला की उघड्या भूमीवर, या प्रश्नाचा निवाडा एकोणिसाव्या शतकात मुख्यतः शिंपल्यांच्या साक्षीवरून झाला. त्यात जे शिंपले सापडले नाहीत त्यांचाही विचार करणे बोधप्रद आहे.

न सापडलेला हा साक्षीदार म्हणजे दीपशिंपला, अर्थात ब्रॅकिओपॉड. त्याच्या चोचीसारख्या टोकापाशी छिद्र असते व त्यातून निघालेल्या देठाने तो खडकास धरून राहतो. रोमन लोकांच्या तेलाच्या दिव्याशी असलेल्या साम्यावरून त्यास हे नाव पडले. सामान्य शिंपल्याची शकले डावी-उजवी असतात, याची वरची व खालची. हे कुळ पन्नास कोटी वर्षांहून जुने आहे. सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारात त्याची फार मोठी हानी झाली. तथापि लिंग्युलासारखे त्याचे काही वंशज आजही जिवंत आहेत. हा प्राणी खाऱ्या पाण्याचा. गोड्या पाण्यात त्याची वस्ती आढळत नाही. म्हणूनच मध्यप्रदेशातील उमरियाच्या कोळसाक्षेत्रात मिळालेल्या, व काउपर रीड यांनी 1928 साली वर्णिलेल्या, दीपशिंपल्यांवरून एके काळी समुद्र तेथवर शिरला होता हे निश्चित होते.

विदर्भातील साक्ष याच्या उलट आहे. मद्रास सेवेतील डॉक्टर माल्कमसन यांनी नागपूरच्या दक्षिणेस चिकनी येथे लाव्ह्याशी निगडित थरांत जमविलेल्या गोगलगाईस सॉवर्बी यांनी 1840 साली ‘फायसा प्रिन्सेपी’ हे नाव दिले. पुढे नागपूरचे मिशनरी हिस्लॉप व हंटर यांनी टाकळीच्या परिसरातील अवशेष अभ्यासून 1855 साली आपला निबंध प्रसिद्ध केला. फायसा ही तळ्यातील गोगलगाय; तिच्या शंखाचे वेटोळे डावीकडे वळते. तिच्यासह वनस्पतींचेही अवशेष मिळाले. लाव्ह्याच्या दोन पुरांमधील विश्रांतीत येथे तळी साचली होती, असाच याचा अर्थ होतो.

केवळ दीपशिंपला नाही म्हणून समुद्र नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या काळी दीपशिंपले आधीच विरळ झाले होते. फायसाची साक्ष प्रत्यक्ष आहे, दीपशिंपल्याचे मौन तिला पुष्टी देते, इतकेच.

हिस्लॉप 1863 साली टाकळघाटची प्राचीन स्थळे पाहून परतताना पुरात बुडून मरण पावले. त्यांनी शिकविलेली दृष्टी मात्र आपणांपाशी उरली आहे. काळ्या खडकाच्या दोन थरांमधून विहीर खणताना निघालेला पांढुरका दगड फेकून देण्यापूर्वी एकदा न्याहाळावा. आपल्या गावाच्या इतिहासाचे पहिले पान कदाचित त्यातच असेल.