लेप साखरेचा आणि लेप चॉकलेटचा

बदाम, काजू, खजूर, संत्र्याची पाकवलेली साल अशा पदार्थांवर चॉकलेटचा लेप चढवून ते दिवाळीच्या भेटपेटीतून देण्याची रीत पुण्यात तशी अलीकडची असली, तरी एखाद्या दाण्याभोवती गोडाचा थरावर थर चढवत नेण्याची विद्या या शहराला मुळीच नवी नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा हे या विद्येचे मराठी घरांतील सर्वांत नाजूक रूप होय. तीळ, खसखस, साबुदाणा, मगज, लवंग, बदाम यांपैकी काहीही गाभ्याला घेऊन ते मंद निखाऱ्यांच्या शेगडीवर परातीत गरम केले जाते आणि त्यावर एकतारी पाक, म्हणजे दोन बोटांत धरून ओढला असता एक तार सुटेल इतपत आटवलेला साखरेचा पाक, चमचा-चमचा सोडत बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवले जातात. पाकातील मळी आधी दूध घालून काढली नाही, तर हलवा पांढराशुभ्र होत नाही; पाक एका वेळी जास्त पडला, तर दाणे एकमेकांना चिकटतात; निखारा भडकला, तर साखर पिवळी पडते. या साऱ्यांतून निभावल्यावर, कधी कधी तर काही दिवसांच्या बैठकीनंतर, हलव्याला काटा येतो. नववधूच्या पहिल्या संक्रांतीला आणि बाळाच्या बोरन्हाणाला लागणारे हलव्याचे दागिने याच दाण्यांचे ओवले जातात आणि त्यामागील श्रम बहुतांशी स्त्रियांचे असतात, याची दखल खाद्येतिहासाने पुरेशी घेतलेली नाही.

युरोपातील मिठाईवालेही बदामावर साखर अशाच रीतीने चढवत असत. फरक इतकाच की त्यांचे पसरट भांडे विस्तवावर साखळ्यांनी टांगलेले असे आणि ते झुलवून दाणे घोळवले जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे फिरती यांत्रिक भांडी आली आणि हाताचे काम यंत्राकडे गेले. याच शतकात खाण्याचे चॉकलेटही घडत होते. १८२८ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन हाउटन यांनी कोकोच्या बियांतील स्निग्धांश, म्हणजे कोको बटर, दाबयंत्राने वेगळे काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, १८४७ मध्ये ब्रिस्टल येथील फ्राय कंपनीने साच्यात ओतलेली वडी बाजारात आणली आणि १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी दुधाचे चॉकलेट सिद्ध केले. फिरत्या भांड्यातील बदामावर आता साखरेऐवजी चॉकलेट चढू लागले.

येथे एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. हलव्याचा लेप पाण्यात विरघळलेल्या साखरेचा असल्यामुळे पाणी उडवण्यासाठी त्याला विस्तव लागतो. चॉकलेटच्या लेपात उडवण्याजोगे पाणी नसतेच, त्यातील स्निग्धांश गोठावा लागतो, म्हणून त्याला गार हवा लागते. पाण्याचे चार थेंब पडले, तरी वितळलेले चॉकलेट घट्ट आणि रवाळ होऊन बसते, आणि म्हणूनच महाबळेश्वरहून येणारी स्ट्रॉबेरी त्यात बुडवण्यापूर्वी देठापर्यंत कोरडी पुसावी लागते. शिवाय कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठते आणि त्यांपैकी एकाच रूपात लेपाला चकाकी येते व तो कट्कन तुटतो. ते रूप साधण्यासाठी चॉकलेट तापवून, निववून पुन्हा किंचित तापवण्याच्या क्रियेला टेम्परिंग म्हणतात. एवढे करूनही हे रूप ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि पुण्याच्या एप्रिल-मेमधील दुपार तर सहज ३७-३८ अंशांवर जाते.

चॉकलेटचा धंदा पुण्यात रुजण्याआड रुचीपेक्षा हा उन्हाळाच अधिक आला असावा. तरीही साठे बिस्किट अँड चॉकलेट कंपनीने गेल्या शतकात पुण्याचे नाव या व्यवसायात नेले आणि पुढे तळेगावजवळ इंदोरी येथे कॅडबरीचा कारखाना उभा राहिला. त्याच कॅडबरीने साठच्या दशकाच्या अखेरीस भारतात आणलेल्या ‘जेम्स’ गोळ्यांत चॉकलेट आत आणि साखरेचे कडक कवच बाहेर, अशी उलटी मांडणी होती, जी उष्ण हवेच्या देशाला विशेष सोयीची ठरली.

घरगुती कारागिरांनी मात्र निराळी वाट काढली. बेकरी साहित्याच्या दुकानातून कंपाउंडची लादी, म्हणजे कोको बटरऐवजी अन्य वनस्पतिजन्य स्निग्धांश घातलेली चॉकलेटसारखी वडी, आणायची, उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात ती वितळवायची, काट्याने बदाम बुडवून बटर पेपरवर ठेवायचा आणि फ्रिजमध्ये गार करायचा, ही पद्धत टेम्परिंगवाचून जमते. गणेशोत्सवातील चॉकलेटचे मोदकही पुष्कळदा असेच साच्यातून निघतात. या पदार्थाला भेसळ म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पुण्याच्या हवेत लहान व्यावसायिकाला, विशेषतः घर सांभाळून धंदा करणाऱ्या स्त्रीला, त्यानेच उभे केले आहे; मात्र त्याला चॉकलेटच्या नावाखाली विकणे योग्य नाही, कारण तोंडात विरघळण्याचा जो गुण कोको बटरचा आहे तो त्यात तितका उतरत नाही आणि पुष्कळदा टाळूला मेणचट थर राहतो. भेटपेटी घेताना ग्राहकाने वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी आणि स्निग्धांश कोको बटरचा आहे की वनस्पती तेलाचा, हे पाहूनच किंमत मोजावी.