पाण्यातलं झाड आणि जुन्या काचा

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद. त्या काळातल्या ओल्या कोलोडियनच्या काचेवर छायाचित्र उमटायला भर उन्हातही काही सेकंद लागत. तेवढ्यात वाहतं पाणी साईसारखं पांढरं होई. शिवाय त्या काचेला हिरवा रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून पाण्यातल्या झाडाचा नुसता काळा ओघळ उरे. तेव्हा जुन्या चित्रातलं दुधाळ पाणी पाहून नदी दुथडी वाहत होती असं समजणं धोक्याचं. (मीही एकदा तसं समजलो होतो.)

हे ताडून पाहायला मी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दहिसर नदीकाठी बसलो. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं, तर झाड विरघळलं. सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवला, तर फांद्यांचे तुकडे झाले, पण पान न् पान हिरवं! मग नदीबरोबर दौलतनगरपर्यंत चालत गेलो. तिथे तोच वेग लावला. पाण्यात काठाची सिमेंटची भिंत आली.