‘ॲक्सेस डिनाइड’: फाइलच्या परवानग्या आणि अपडेटचा इतिहास

लॅबमधल्या संगणकावर एखादे सॉफ्टवेअर अपडेट करताना ‘ॲक्सेस डिनाइड’ असा संदेश आला की तुम्ही काय करता? बहुतेक जण फोल्डरवर राइट क्लिक करून ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देतात. अपडेट होते, प्रॅक्टिकल वेळेत संपते. मीही नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत हेच केले आहे. त्याचे काय झाले ते पुढे सांगतो. आधी हा संदेश आला कुठून ते पाहू.

एका संगणकावर एकच माणूस काम करत होता तोवर परवानगीचा प्रश्न नव्हता. 1961 मध्ये एमआयटीमध्ये सीटीएसएस ही टाइम-शेअरिंग प्रणाली दाखवली गेली आणि अनेक जण एकच यंत्र वाटून घेऊ लागले. प्रत्येकाला पासवर्ड आला. पण एकदा दोन प्रशासक एकाच वेळी दोन वेगळ्या फाइल संपादित करत होते, आणि एडिटरच्या तात्पुरत्या फाइलचे नाव दोघांसाठी एकच होते. अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला ‘आजचा संदेश’ म्हणून सर्वांच्या पासवर्डची यादी दिसू लागली. हा प्रसंग या प्रणालीचे प्रमुख फर्नांडो कोर्बाटो यांनी पुढे ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात स्वतः सांगितला. इथे कोणी चोरी केली नव्हती. फाइल बदलण्याची रीतच कच्ची होती. हे ध्यानात ठेवा, कारण अपडेट म्हणजे तरी दुसरे काय? जुनी फाइल काढून तिच्या जागी नवी ठेवणे.

1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा आरंभ झाला. 1971 च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये परवानग्या दोनच गटांसाठी होत्या: मालक आणि बाकीचे. ‘ग्रुप’ नंतर आला, आणि वाचणे, लिहिणे, चालवणे या तीन परवानग्या तिघांसाठी, असे नऊ बिट झाले. तुम्ही सीएचमॉड 755 लिहिता ते हेच. मात्र परीक्षेत हमखास चुकणारी गोष्ट वेगळी आहे. युनिक्समध्ये फाइल पुसायची किंवा तिच्या नावावर दुसरी फाइल बसवायची, तर त्या फाइलवर नव्हे, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लिहिण्याची परवानगी लागते. फाइलचे नाव ही डिरेक्टरीतली नोंद असते, म्हणून. त्यामुळे फाइलला 777 देऊनही अपडेट अडते आणि विद्यार्थी चक्रावतो. गडबड वरच्या पायरीवर असते.

याच काळात डेनिस रिची यांनी एक युक्ती काढली: सेट-यूआयडी. पासवर्डची फाइल रूटच्या मालकीची असते, तरी प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड बदलता आला पाहिजे. मग पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर आपल्या मालकाच्या अधिकाराने चालतो. सामान्य माणसाला पूर्ण अधिकार न देता ठरावीक एक काम करू द्यायचे, ही कल्पना. तिचे पेटंट 1979 मध्ये मिळाले. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची कल्पना आहे.

आपल्या टेबलावरच्या पीसीने मात्र हे सगळे बाजूला ठेवले. 1981 च्या डॉसमध्ये मालक ही संकल्पनाच नव्हती. ‘रीड-ओन्ली’ हा गुणधर्म नंतर आला, पण तो कोणीही काढू शकत असे. विंडोज 95 आणि 98 याच फॅट फाइल प्रणालीवर चालत. 1993 च्या विंडोज एनटीने एनटीएफएस आणले. त्यात प्रत्येक फाइलबरोबर कोणाला काय करता येईल याची यादी असते. 2001 मध्ये एक्सपीने हा पाया घराघरांत नेला, पण इन्स्टॉल करताना बनवलेली खाती प्रशासकाचीच असत. कुलूप बसवले आणि किल्ली दारालाच लटकवली! सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना सवय लागली: सेटिंगची फाइलसुद्धा प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहायची.

2007 मध्ये व्हिस्टा घरोघरी पोचली आणि यूएसीने ही सवय मोडायला घेतली. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून एक तडजोड केली गेली. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला निघालेल्या जुन्या प्रोग्रॅमची फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये वळवली जाई. परिणाम असा, की प्रशासक मूळ सेटिंग बदलतो आणि विद्यार्थ्याला जुनेच दिसत राहते. आणखी एक गंमत: ज्या फाइलच्या नावात ‘सेटअप’ किंवा ‘अपडेट’ यांसारखा इंग्रजी शब्द असेल, तो जुना प्रोग्रॅम इन्स्टॉलर असावा असा अंदाज विंडोज बांधते आणि प्रशासकाची परवानगी मागते. नुसते नाव बदलल्यानेही वागणूक बदलू शकते.

अपडेट करणाऱ्यांनी यातून दोन वाटा काढल्या. 2008 मध्ये आलेला क्रोम थेट वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसत असे, म्हणजे परवानगी मागायचा प्रश्नच नाही. फायरफॉक्सने 2012 मध्ये वेगळी सेवा बसवली. ती जास्त अधिकाराने चालते आणि नव्या फाइलची डिजिटल सही तपासून मगच ती जागेवर ठेवते. रिचींची कल्पनाच ही, वेगळ्या कपड्यांत.

आता लॅबमधली गोष्ट. ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल दिल्यावर काही आठवड्यांनी एका पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला. त्या फोल्डरमधली चालवायची फाइल कोणालाही बदलता येत होती, तशी त्यालाही आली. मग जो विद्यार्थी लॉगिन करून ते सॉफ्टवेअर उघडे, त्याच्या खात्यात तो चाले. माझ्या खात्यातही चालला, आणि माझे खाते प्रशासकाचे होते. सगळी मशीन पुन्हा फॉरमॅट करण्यात दोन रविवार गेले.

तेव्हापासून मी याच क्रमाने पाहतो. आधी प्रोग्रॅम कुठे चालू आहे का ते. कारण विंडोजमध्ये चालू असलेली एक्झी फाइल पुसायला गेलात तरी ‘ॲक्सेस डिनाइड’ असेच उत्तर येते, आणि तुम्ही उगाच परवानग्या उसकत बसता. मग फोल्डरचा मालक आणि परवानग्या, फाइलच्या नंतर. मग नवी फाइल कॉपी केली की मूव्ह केली ते. एनटीएफएसमध्ये त्याच ड्राइव्हवर मूव्ह केलेली फाइल जुन्या जागेच्या परवानग्या सहसा बरोबर घेऊन येते, तर कॉपी केलेली नव्या फोल्डरच्या घेते. माझ्या खात्यात अपडेट चालते आणि तुमच्या खात्यात अडते, त्याचे कारण अनेकदा एवढेच असते.